विश्लेषण : पेशींना खुराक किती, कधी? ‘अमर’ हृदय जगवणाऱ्या अलेक्सी कारेल यांची गोष्ट

रुग्णाच्या रक्तातून त्याच्याच टी-पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात जनुकीय बदल करायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि कर्करोगाशी लढण्यासाठी त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडायच्या, ही कार-टी उपचारपद्धती आता भारतातही आली आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून तयार झालेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३मध्ये केंद्रीय औषध नियामकांची मंजुरी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. चर्चा होते ती जनुकीय बदलाची आणि किमतीची. मात्र मधल्या ज्या दिवसांत पेशी शरीराबाहेर असतात, त्या दिवसांत त्यांना काय खायला द्यायचे, किती द्यायचे आणि कधी द्यायचे यावर बरेच काही अवलंबून असते. हे काम जगभरात हळूहळू सेन्सर आणि संगणकाकडे सोपवले जात आहे.

प्रश्न मात्र जुना आहे. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अलेक्सी कारेल या फ्रेंच सर्जनने तो हाती घेतला आणि त्यातून जगभर प्रसिद्धी मिळवली. त्यांच्याच प्रयोगशाळेत खुराकाच्या बाबतीत अशी एक चूक राहून गेली असावी, की जीवशास्त्र जवळपास अर्धे शतक चुकीच्या समजुतीवर चालत राहिले.

शिवणकाम शिकलेला सर्जन

कारेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळ झाला. वडील लवकर गेले, आईने मुलांना वाढवले. लियों हे रेशमाचे शहर. भरतकाम करणाऱ्या बायका तिथे घरोघरी होत्या, आणि पुढे या मुलाच्या शस्त्रक्रियेला वळण मिळाले ते याच कामामुळे.

जून १८९४मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो लियोंमध्ये आले असताना एका इटालियन अराजकतावाद्याने त्यांच्या पोटात सुरा खुपसला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी शीर कापली गेली. शहरातील नामांकित सर्जन जमले, पण फाटलेली रक्तवाहिनी शिवायची कशी हे त्या काळी कोणालाच नीट येत नव्हते. काही तासांतच कार्नो यांचा मृत्यू झाला. कारेल तेव्हा २० वर्षांचे वैद्यकीय विद्यार्थी होते. कापड शिवता येते, मग शीर का शिवता येऊ नये, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून गेला नाही. त्यांनी शहरातील निष्णात भरतकाम करणाऱ्या मादाम लरूदिए यांच्याकडे चक्क धडे घेतले. बारीक सुया, रेशमी धागा आणि धागा सरकावा म्हणून त्याला लावलेले व्हॅसलीन, असे त्यांचे साहित्य होते.

१९०२मध्ये त्यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली. रक्तवाहिनीचे तोंड गोल असते आणि गोलाकार कडेवर टाके घालणे अवघड. कारेल यांनी दोन्ही टोकांना सारख्या अंतरावर तीन टाके घालून ते तीन दिशांना ताणले. गोलाचा त्रिकोण झाला. मग सरळ बाजूंवर शिवत जायचे, इतकेच. भूमितीतली ही साधी युक्ती रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेत आजही शिकवली जाते.

त्याच वर्षी मात्र त्यांची गावातली कारकीर्द अडचणीत आली. यात्रेकरूंच्या रेल्वेसोबत डॉक्टर म्हणून ते लूर्द या तीर्थक्षेत्री गेले होते. तिथे क्षयाने मरणासन्न असलेली एक तरुणी त्यांच्या डोळ्यांदेखत बरी होऊ लागली. पाहिले ते त्यांनी सांगितले, पण चमत्कार झाला असे ठामपणे म्हणायला ते तयार नव्हते. परिणामी धार्मिक मंडळी नाराज आणि वैद्यकीय सहकारी त्याहून नाराज. लियोंमध्ये पद मिळण्याची आशा मावळली. १९०४मध्ये कारेल कॅनडामार्गे अमेरिकेत पोहोचले. शिकागोत चार्ल्स गथ्री यांच्याबरोबर त्यांनी रक्तवाहिन्या आणि अवयव रोपणाचे प्रयोग केले आणि १९०६मध्ये ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये दाखल झाले.

तिथे त्यांच्या हातांची कीर्ती लवकरच पसरली. १९०८मध्ये एका सर्जनच्या नवजात मुलीच्या शरीरातून रक्तस्राव थांबत नव्हता. रात्रीच कारेल यांना बोलावण्यात आले. त्यांनी वडिलांच्या मनगटातील धमनी बाळाच्या पायातील शिरेला जोडली आणि रक्त थेट एका शरीरातून दुसऱ्या शरीरात वाहू दिले. मुलगी वाचली. रक्त साठवण्याची, ते गोठू न देण्याची सोय तेव्हा नव्हती, हे लक्षात घेतले तर या धाडसाची कल्पना येते.

प्राण्यांवरील प्रयोगांत कारेल यांना आणखी एक गोष्ट दिसली. कुत्र्याचे स्वतःचे मूत्रपिंड काढून त्यालाच परत बसवले तर ते काम करत राही. दुसऱ्या कुत्र्याचे बसवले तर टाके निर्दोष असूनही ते काही काळाने निकामी होई. म्हणजे अडचण शिवण्यात नव्हती, शरीरच परक्याला नाकारत होते. नेक्सकार१९सारख्या उपचारांत रुग्णाच्या स्वतःच्याच पेशी का वापरतात, याचे मूळ उत्तर इथेच आहे. रक्तवाहिन्यांची जोडणी आणि अवयव रोपण यांवरील कामासाठी १९१२चे वैद्यकशास्त्राचे नोबेल कारेल यांना मिळाले. अमेरिकेत केलेल्या कामाला वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळण्याची ती पहिलीच वेळ.

शरीराबाहेर पेशी जगवायची कशी?

अवयव शरीराबाहेर काढला की घड्याळ सुरू होते. तो जगवता आला तर रोपणाचा अर्धा प्रश्न सुटेल, असे कारेल यांना वाटत होते. १९०७मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या भ्रूणातील चेताऊतींचा तुकडा लसिकेच्या थेंबात ठेवून त्यातून तंतू वाढताना पाहिले होते. काचपट्टीवरून उलटा लोंबणारा एक थेंब, एवढीच ती प्रयोगशाळा. कारेल यांनी आपले सहकारी माँट्रोझ बरोज यांना हॅरिसन यांच्याकडे शिकायला पाठवले. परतल्यावर दोघांनी लसिकेच्या जागी रक्तद्रव वापरला आणि बेडकाऐवजी कोंबडी, कुत्रा, मांजर यांच्या पेशी वाढवायला घेतल्या.

थेंबातली पेशी आणि शरीरातली पेशी यांच्यात मोठा फरक असतो. शरीरात रक्त सतत वाहत असते. ते साखर आणि प्राणवायू आणते, कचरा घेऊन जाते. पेशीने जास्त खाल्ले तर रक्त जास्त पुरवते. मूत्रपिंड, यकृत, फुप्फुसे मिळून सगळे प्रमाण सांभाळतात. इंजिनीअरिंगच्या भाषेत हा बंद फेऱ्यातला नियंत्रक आहे, म्हणजे मोजमाप आणि पुरवठा एकमेकांना जोडलेले आहेत. काचेतल्या पेशीला यातले काहीच नसते. तिच्याभोवती जेवढे द्रव आहे तेवढेच तिचे जग. साखर संपत जाते, लॅक्टेटसारखा कचरा साचत जातो, द्रव आम्लधर्मी होतो. माणसाने येऊन जुने द्रव काढले आणि नवे घातले तरच ती पुढे जगते.

कारेल यांनी नेमके हेच केले. दर काही दिवसांनी तुकडा खारट द्रावणात धुवायचा, वाढलेला असेल तर कापून दोन करायचे, ताज्या रक्तद्रवात ठेवायचे. साध्या रक्तद्रवात पेशी काही काळाने मंदावत. तेव्हा त्यांनी त्यात कोंबडीच्या भ्रूणांपासून काढलेला अर्क घातला. पेशी झपाट्याने वाढू लागल्या. या अर्कात नेमके काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते. काम होत होते, म्हणून तो वापरला जात होता.

१७ जानेवारी १९१२ला काय झाले?

या दिवशी कोंबडीच्या भ्रूणाच्या हृदयाचा बारीक तुकडा काचेत ठेवण्यात आला. सुरुवातीला तो धडधडत होता. काही महिन्यांत धडधड थांबली, पण पेशींचे विभाजन सुरूच राहिले. म्हणजे पुढे ज्याला जग अमर हृदय म्हणत राहिले, ते खरे तर हृदय उरलेच नव्हते. त्या जोडऊती तयार करणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी होत्या. वृत्तपत्रांना मात्र हृदय हाच शब्द आवडला.

पेशींचा सांभाळ कारेल यांचे सहायक अल्बर्ट एबलिंग यांच्याकडे होता. दर दोन-तीन दिवसांनी धुणे, कापणे आणि खुराक देणे हे चक्र वर्षानुवर्षे चालले. १९२३मध्ये कारेल यांनी चपटी, तिरक्या मानेची काचेची कुपी तयार केली. तिच्यामुळे पेशींना धक्का न लावता द्रव बदलता येऊ लागले. आज पेशी वाढवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांचे घराणे याच कुपीपर्यंत जाते. एबलिंग वाढणाऱ्या तुकड्याची बाह्यरेषा कागदावर उतरवून त्याचे क्षेत्रफळ मोजत. वाढीचा वेग असा आकड्यात पकडता आल्यामुळे वय झालेल्या कोंबड्यांच्या रक्तातील द्रव पेशींची वाढ मंदावतो, हेही कारेल आणि एबलिंग यांना दाखवता आले.

कारेल यांची प्रयोगशाळा पाहणाऱ्याला दबकायला होई. भिंती गडद, झगे आणि टोप्या काळ्या. चकाकी टाळावी आणि धूळ दिसावी हा हेतू होता. प्रतिजैविके अजून यायची होती, जंतुसंसर्ग झाला की महिन्यांचे काम वाया जाई, त्यामुळे काटेकोरपणा आवश्यकच होता. पण या सगळ्या विधींमुळे पेशीसंवर्धन हे मोजक्या सिद्धहस्त लोकांनाच जमणारे काम आहे, असा समज पसरला. इतर ठिकाणी पेशी काही काळाने मरत, तेव्हा संशोधक स्वतःलाच दोष देत. आपला हात चुकला, आपला खुराक कमी पडला, असे त्यांना वाटे. कारेल यांच्याकडे जमते, मग जमायलाच हवे, हा तर्क होता.

दरवर्षी जानेवारीत न्यूयॉर्कची वृत्तपत्रे या पेशींचा वाढदिवस साजरा करत. एकही पेशी फेकली नसती तर केवढा मोठा गोळा झाला असता, याची गणिते छापली जात. १९३७मध्ये तर वाढत वाढत जग गिळणाऱ्या कोंबडीच्या हृदयावर अमेरिकेत एक भयनाट्य नभोवाणीवर सादर झाले. कारेल यांनी काढलेला निष्कर्ष गंभीर होता. पेशी मुळात मरणाधीन नाही, खुराक मिळत राहिला आणि कचरा निघत राहिला तर ती कायम जगू शकते, मृत्यू हा अनेक पेशींनी एकत्र राहण्याची किंमत आहे, असे ते मांडत होते.

युद्धात मोजमाप कसे कामाला आले?

१९१४मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा कारेल फ्रान्समध्येच होते. लष्कराने त्यांना सेवेत घेतले. आघाडीपासून जवळ असलेल्या काँपिएन्य इथल्या एका हॉटेलात रॉकफेलरच्या मदतीने त्यांचे रुग्णालय उभे राहिले. त्यांच्या पत्नी तिथे परिचारिका होत्या. चिखलात कुजणाऱ्या जखमा आणि त्यातून कापावे लागणारे हातपाय हे तिथले रोजचे चित्र होते.

इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हेन्री डॅकिन यांनी सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण तयार केले. ते जंतू मारते, पण त्याचा जोर लवकर ओसरतो. म्हणून कारेल यांनी जखमेत बारीक रबरी नळ्या सोडून दर दोन तासांनी नवे द्रावण देण्याची पद्धत बसवली. त्यांचे खरे वैशिष्ट्य पुढे आहे. जखमेतील स्राव ठरावीक दिवसांनी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू मोजले जात आणि प्रत्येक सैनिकाच्या नावाने आलेख ठेवला जाई. आकडा जवळपास शून्यावर आला आणि तिथेच टिकला, तरच जखम शिवायची. कॅलेंडर पाहून किंवा सर्जनला वाटले म्हणून नाही.

कारेल यांच्यासोबत काम करणाऱ्या पिएर लकोंत द्यु नुई यांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. जखमेची बाह्यरेषा पारदर्शक कागदावर उतरवून क्षेत्रफळ मोजायचे आणि ती किती दिवसांत भरेल याचा वक्र गणिताने काढायचा. प्रत्यक्ष मोजमाप वक्रापासून ढळले की जखमेत काहीतरी बिघडले आहे असे समजायचे. आधी भाकीत करा, मग मोजा, फरक दिसला तर उपचार बदला. आजच्या कोणत्याही स्वयंचलित नियंत्रण यंत्रणेचा गाभा हाच आहे, आणि तो १९१६च्या सुमारास युद्धातल्या रुग्णालयात, कागद आणि पेन्सिलीवर चालत होता. कारेल यांच्या सगळ्या कामात कदाचित सर्वात कमी गाजलेले आणि सर्वात आधुनिक काम हेच.

विमानवीर आणि काचेचा पंप

अटलांटिक एकट्याने पार करणारे चार्ल्स लिंडबर्ग १९३०मध्ये कारेल यांना भेटले. लिंडबर्ग यांच्या मेहुणीच्या हृदयाच्या झडपेत दोष होता. विमानाचे इंजिन उघडून दुरुस्त करता येते, मग हृदय का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. हृदय थांबवले तर शरीराला रक्त कोण पुरवणार, हे डॉक्टरांचे उत्तर. लिंडबर्ग यांनी पंप बनवायचे ठरवले.

अनेक अपयशांनंतर १९३५मध्ये पूर्ण काचेचा, आत जंतू शिरू न देणारा पंप तयार झाला. तो पोषणद्रव ठोक्यांसारख्या लयीत अवयवातून फिरवत असे. मांजराची थायरॉइड ग्रंथी त्यावर १८ दिवस ठेवण्यात आली आणि नंतर तिच्या पेशी काचेत वाढवूनही दाखवण्यात आल्या. थेंबापासून इथपर्यंतचा फरक मोठा आहे. थेंबात खुराक एकदाच दिला जातो आणि मग तो संपत जातो. पंपात तो सतत येतो आणि कचरा सतत जातो. आजच्या अनेक बायोरिॲक्टरमध्ये वापरली जाणारी परफ्युजन पद्धत याच कल्पनेवर चालते. १९३८मध्ये दोघांनी मिळून अवयवसंवर्धनावर पुस्तक लिहिले आणि टाइम साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावरही ते एकत्र झळकले.

नाव का काळवंडले?

कारेल यांच्याविषयी लिहिताना हा भाग टाळता येत नाही. १९३५मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे मॅन, द अननोन हे पुस्तक अनेक भाषांत लाखोंनी खपले. पेशींना योग्य खुराक आणि वातावरण दिले की त्या सुदृढ होतात, हा प्रयोगशाळेतला विचार त्यात थेट माणसांच्या समाजाला लावला होता. श्रेष्ठ माणसांची निपज वाढवावी, दुर्बलांची थांबवावी, आणि गंभीर गुन्हेगार व गुन्हे करणाऱ्या मनोरुग्णांना विषारी वायूने संपवावे, असे त्यात सुचवले होते. १९३६च्या जर्मन आवृत्तीच्या प्रस्तावनेत तर त्यांनी नाझी राजवटीच्या अशा उपायांची प्रशंसा केली.

निवृत्तीच्या नियमामुळे १९३९मध्ये त्यांना रॉकफेलर सोडावे लागले. जर्मनीने फ्रान्स जिंकल्यानंतर तिथल्या विशी सरकारने १९४१मध्ये त्यांच्यासाठी मानवी प्रश्नांच्या अभ्यासाची एक मोठी संस्था काढून दिली. तिच्यात लोकसंख्या आणि आरोग्यविषयक खरेखुरे संशोधनही झाले आणि युद्धानंतर तिच्यातूनच फ्रान्सची लोकसंख्या अभ्यास संस्था उभी राहिली. पण पैसा आणि आश्रय शत्रूशी हातमिळवणी करणाऱ्या सरकारचा होता. ऑगस्ट १९४४मध्ये पॅरिस मुक्त झाल्यावर कारेल यांना पदावरून दूर करण्यात आले. आरोपांची शहानिशा होण्याआधीच ५ नोव्हेंबर १९४४ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. लियोंच्या वैद्यकीय शाखेला दिलेले त्यांचे नाव १९९६मध्ये काढून टाकण्यात आले.

अमर पेशी मात्र त्यांच्यानंतरही जगत होत्या. एबलिंग यांनी त्या १९४६पर्यंत सांभाळल्या आणि मग प्रयोग थांबवला. ३४ वर्षे, म्हणजे कोणत्याही कोंबडीच्या आयुष्याच्या कितीतरी पट.

मग चूक कुठे झाली?

१९६१मध्ये फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमधील लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी मानवी भ्रूणातील सामान्य पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण ५० वेळा दुप्पट झाल्या की या पेशी थांबत. खुराक ताजा होता, जंतुसंसर्ग नव्हता, शेजारच्या तरुण पेशी त्याच द्रवात मजेत वाढत होत्या. म्हणजे मर्यादा पेशीतच होती. हा शोधनिबंध आधी जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिनकडे पाठवण्यात आला होता. रॉकफेलर इन्स्टिट्यूटचे हे तेच नियतकालिक, ज्यात कारेल यांनी पेशींच्या कायमच्या आयुष्याचा दावा केला होता. त्यांनी तो नाकारला. पुढे गुणसूत्रांच्या टोकांवरील टेलोमियर प्रत्येक विभाजनात झिजतात हे उलगडले आणि त्या कामाला २००९चे नोबेल मिळाले.

मग कारेल यांच्या पेशी ३४ वर्षे कशा जगल्या? कोंबडीच्या सामान्य फायब्रोब्लास्ट पेशी इतका काळ कोणालाही वाढवता आल्या नाहीत. सर्वाधिक मान्य असलेले स्पष्टीकरण खुराकाकडे बोट दाखवते. भ्रूणाचा अर्क काढताना भ्रूण बारीक करून, द्रावणात मिसळून, यंत्रात फिरवून वरचे द्रव घेतले जाई. फिरवण्याचा वेग पुरेसा नसेल तर काही जिवंत पेशी त्या द्रवात राहून जातात. म्हणजे प्रत्येक खुराकाबरोबर कुपीत ताज्या, तरुण पेशींची भर पडत होती. जुन्या मरत होत्या, नव्या येत होत्या, आणि बाहेरून पाहणाऱ्याला एकच वंश अखंड वाढताना दिसत होता. हे मुद्दाम केले गेले की नकळत, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

यातली विसंगती डोळ्यांत भरते. ज्या माणसाने जखमेतले जंतू मोजल्याशिवाय टाका घालू दिला नाही, त्याच्या प्रयोगशाळेत पेशींची वाढ काटेकोर मोजली गेली, पण आत जाणारा खुराक तपासला गेला नाही. फक्त अर्क, पेशींचा तुकडा न घालता, कुपीत ठेवून काही उगवते का हे पाहायला एक रिकामी कुपी आणि थोडे दिवस पुरले असते.

आज खुराक कोण ठरवतो?

कार-टी पेशी प्रयोगशाळेत साधारण आठवडा-दोन आठवडे असतात. जागृत केलेल्या टी-पेशी साखर भराभर खातात आणि लॅक्टेट भराभर सोडतात. अडचण अशी की प्रत्येक रुग्णाच्या पेशी वेगळ्या. केमोथेरपीच्या अनेक फेऱ्या झालेल्या रुग्णाच्या पेशी दमलेल्या असू शकतात. दुसऱ्याच्या जोमाने वाढतात. दोघांना तिसऱ्या दिवशी सारखाच खुराक दिला तर एकाच्या पेशी उपाशी राहतात आणि दुसऱ्याच्या पेशी अति पातळ होतात. पातळ होणेही वाईटच, कारण पेशींनी स्वतः सोडलेले आणि बाहेरून घातलेले वाढीचे संकेत त्यात विरून जातात. कारखान्यातल्या इतर औषधांप्रमाणे इथे हजारो गोळ्यांचा एक घाणा नसतो. एक रुग्ण, एक बॅच. ती बिघडली तर पुन्हा पेशी काढाव्या लागतात, आणि तेवढा वेळ प्रत्येक रुग्णाच्या हाती नसतो.

म्हणून ठरलेल्या वेळापत्रकाऐवजी मोजमापावर चालणाऱ्या यंत्रणा विकसित होत आहेत. बंद पिशवीत किंवा बायोरिॲक्टरमध्ये आम्लता आणि प्राणवायूचे सेन्सर असतात. काही ठिकाणी प्रकाशकिरणांच्या साहाय्याने, नमुना बाहेर न काढता, साखर आणि लॅक्टेटचा अंदाज घेतला जातो. संगणकातील गणिती प्रारूप पेशी उद्या किती होतील याचे भाकीत करते, मोजमापाशी ताडून पाहते आणि पंपाचा वेग त्यानुसार बदलते. नमुना कमी वेळा काढावा लागणे हाही फायदाच, कारण प्रत्येक नमुना म्हणजे रुग्णाच्या काही पेशी गेल्या आणि जंतुसंसर्गाची एक संधी वाढली. सेन्सर चुकला तर संगणक आत्मविश्वासाने चुकीचा खुराक देतो, त्यामुळे सेन्सर तपासणारी माणसे अजून लागतातच.

खुराकाची तपासणीही बदलली आहे. पोषणद्रव अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून जाते, ज्यातून पेशी तर सोडाच, जिवाणूही सहसा पार होत नाहीत. प्राण्यांपासून मिळणारे, घटक नीट माहीत नसलेले अर्क शक्यतो टाळले जातात. प्रत्येक पिशवीतील द्रवाचा बॅच क्रमांक नोंदला जातो आणि तयार पेशींचे थोडे नमुने गोठवून राखून ठेवले जातात. वर्षभराने शंका आली तर त्या कोणाच्या, कशा होत्या हे तपासता यावे म्हणून.

कारेल यांच्या पेशींचा असा जिवंत नमुना मागे राहिला नाही. १९४६मध्ये एबलिंग यांनी कुप्या टाकून दिल्या तेव्हा पेशी गोठवून पुन्हा जिवंत करण्याची भरवशाची पद्धतच नव्हती. ग्लिसरॉल वापरून ती इंग्लंडमध्ये सापडली १९४९मध्ये, आणि तो पहिला यशस्वी प्रयोग कोंबड्याच्या शुक्रपेशींवर झाला होता.